मायस्थेनियासाठी आरएनएस की सिंगल फायबर ईएमजी? आधी कुठली करायची, तयारी काय आणि रिपोर्ट कसा वाचायचा

संध्याकाळ झाली की एक पापणी खाली येते, टीव्हीवर एकाच्या जागी दोन अँकर दिसतात, जेवताना शेवटचे दोन घास चावून होत नाहीत, आणि सकाळी उठलं की माणूस ठणठणीत. अशी तक्रार घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे गेलं की मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा, म्हणजे वापरले की स्नायू लवकर थकायच्या आजाराचा, संशय येतो आणि चिठ्ठीवर एक ओळ येते, "एनसीएस, आरएनएस, गरज पडल्यास एसएफईएमजी". मग पेशंट नि नातेवाईक आमच्या लॅबच्या बाहेर बसून विचारतात की यातली चांगली टेस्ट कुठली, एकदाच ती करून टाका ना. मी ईएमजी मशिनजवळ बसणारा टेक्निशियन आहे, निदान करणं माझं काम नाही, पण हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा नीट बसून लिहावं म्हटलं.

आधी थोडक्यात उत्तर. सुरुवात आरएनएसने करायची, म्हणजे रिपिटिटिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन, एकाच नसेला ठरावीक वेगाने शॉक देऊन बघायची टेस्ट. ती नॉर्मल आली आणि संशय तरी जात नसला तर सिंगल फायबर ईएमजी (चिठ्ठीवरची एसएफईएमजी), म्हणजे बारीक सुईने स्नायूतले एक-दोनच तंतू ऐकायची टेस्ट. पण माझ्या मते टेस्ट कुठली याहूनही मोठा प्रश्न वेगळाच आहे: तपासला कुठला स्नायू? पापणी पडलेल्या माणसाच्या फक्त हाताची आरएनएस करून "नॉर्मल" लिहिलेले रिपोर्ट मी कितीतरी बघितलेत, आणि तो कागद घेऊन पेशंट महिनोन्महिने चष्मा बदलत फिरतो.

मशीन नेमकं काय बघतं

नसेच्या टोकाला ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरला जाऊन बसतं आणि स्नायू आकसतो. मायस्थेनियात शरीरानेच तयार केलेल्या अँटिबॉडी या रिसेप्टरची वाट लावतात. नस चांगली, स्नायूही चांगला, मधला जोड बिघडलेला. म्हणून साधी नर्व्ह कंडक्शन (एनसीएस, नसेतून सिग्नल नीट जातो का ते बघायची टेस्ट) आणि साधी ईएमजी (स्नायूत सुई घालून त्यातला विजेचा सिग्नल बघायची टेस्ट) बऱ्याचदा नॉर्मल येते आणि लोकांना वाटतं काही नाहीच.

आता नसेच्या टोकाचा साठा दुकानातल्या गल्ल्यासारखा समजा, हाताशी थोडे सुट्टे आणि बाकी आतल्या कपाटात. सेकंदाला दोन-तीन शॉक दिले की पहिल्या चार-पाच शॉकमध्ये सुट्टे कमी होत जातात, मग कपाटातला माल पुढे येतो. निरोगी माणसात गरजेच्या कितीतरी पट रसायन सुटत असतं त्यामुळे थोडं कमी झालं तरी स्नायूतला प्रत्येक तंतू आकसतोच, आकडा ढळत नाही. मायस्थेनियात आधीच काठावर चाललेलं असतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या शॉकला काही तंतू गप्प बसतात आणि मशिनवर दिसणारी स्नायूच्या सिग्नलची एकूण लाट लहान होते. ही घट म्हणजे डिक्रिमेंट, आरएनएस तीच मोजते.

सिंगल फायबर ईएमजी याच्या एक पायरी आधी पकडते. तंतू गप्प बसायच्या आधी तो अडखळतो, म्हणजे आकसतो पण दर वेळी किंचित लवकर-उशिरा. हा मागेपुढेपणा म्हणजे जिटर, मोजायचा मायक्रोसेकंदात, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. त्यामुळे आरएनएसमध्ये काही दिसायच्या आधीच जिटर वाढलेला सापडतो, टेस्ट जास्त संवेदनशील आहे ती याचसाठी.

पायरी 1: घरून निघण्याआधी

पायरिडोस्टिग्मिनची (मायस्थेनियात ताकद यावी म्हणून देतात ती) गोळी चालू असेल तर ती बंद करायची का हे आपल्या डॉक्टरांना विचारा, आम्हाला नाही आणि शेजाऱ्यांना तर अजिबात नाही. साधारणपणे आरएनएसच्या आधी 12 तास गोळी थांबवायला सांगतात, सिंगल फायबरसाठी काही ठिकाणी 24 तास, कारण गोळीने डिक्रिमेंट झाकला जातो. पण ज्याला गिळायला त्रास आहे, श्वास लागतो, त्याने स्वतःच्या मनाने एक डोसही चुकवायचा नाही. गोळी घेऊनच टेस्ट झाली तरी चालते, फक्त शेवटची गोळी किती वाजता घेतली ते रिपोर्टवर लिहिलं गेलं पाहिजे.

त्या दिवशी अंगाला, चेहऱ्याला तेल, क्रीम, पावडर काही नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. मान आणि खांदा मोकळा करता येईल असा सैल कपडा घाला, कारण खांद्याचा स्नायू तपासायचा असतो आणि बंद गळ्याच्या ड्रेसमध्ये ते अवघड होऊन बसतं. उपाशी यायची गरज नाही.

तीन गोष्टी न विचारता सांगा: पेसमेकर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि बोटॉक्स घेतलंय का. शेवटचं लोक सांगत नाहीत, लाजतात, पण बोटॉक्स हा त्याच जोडावर काम करतो आणि त्यानंतर कित्येक महिने जिटर वाढलेला राहू शकतो, कधी कधी इंजेक्शनपासून लांबच्या स्नायूतसुद्धा. मायग्रेनसाठी किंवा चेहरा फडफडतो म्हणून घेतलं असेल तरी तेवढंच महत्त्वाचं.

पायरी 2: स्नायू ठरवणं

अपॉइंटमेंट घेताना किंवा टेबलावर झोपण्याआधी स्पष्ट सांगा की कुठला भाग कमजोर होतो. पापणी, दुहेरी दिसणं, चावणं, बोलताना आवाज नाकातून येणं, मान धरवत नाही, हात वर करून केस विंचरता येत नाहीत, जिने चढवत नाहीत. यावरून स्नायू ठरतो.

आरएनएसला नेहमीचे स्नायू म्हणजे हातात करंगळीच्या बाजूचा, खांद्यावर ट्रॅपेझियस, आणि चेहऱ्यावर नाकाजवळचा नेसॅलिस किंवा डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय. करंगळीचा सगळ्यात सोपा, हात पट्टीने बांधता येतो, हलत नाही, सिग्नल स्वच्छ. म्हणून सगळे तिथून सुरू करतात आणि काही लोक तिथेच थांबतात, तिथेच गडबड होते, कारण मायस्थेनिया बहुतेक वेळा चेहरा, मान, खांदा अशा वरच्या आणि धडाजवळच्या स्नायूंना आधी धरतो, बोटांना नंतर. त्यामुळे करंगळी नॉर्मल आली की खांदा, खांदा नॉर्मल आला की चेहरा, एवढं झाल्याशिवाय आरएनएस पूर्ण झाली असं मी तरी म्हणणार नाही.

मस्क अँटिबॉडीवाल्या प्रकारात (त्याच जोडातल्या मस्क नावाच्या दुसऱ्या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी) तर हे अजूनच खरं आहे. तिथे हातापायाची आरएनएस बऱ्याचदा साफ येते आणि चेहऱ्यावर केली की सापडते.

पायरी 3: टेबलावर, आरएनएस

पहिलं काम हात गरम करणं. हे चेष्टेत घेऊ नका. एसी लॅबमध्ये अर्धा तास बसलेला हात थंड असतो आणि थंडीत हा जोड जास्त बरा चालतो, म्हणजे खराखुरा डिक्रिमेंट गायब होऊ शकतो. त्वचेचं तापमान साधारण 32 अंश सेल्सिअसच्या वर लागतं. हात गार लागत असेल तर बिनधास्त सांगा, "जरा गरम करून घ्या ना", कुणी चांगला टेक्निशियन रागावणार नाही. (याच गुणाचा उलटा उपयोग बर्फाच्या टेस्टमध्ये होतो: पडलेल्या पापणीवर दोनेक मिनिटं बर्फाची पिशवी ठेवायची, पापणी 2 मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर मायस्थेनियाकडे बोट जातं. फुकटातली टेस्ट आहे, ओपीडीत होते.)

मग आधी एक-एक शॉक देत तो वाढवत नेतात, लाट वाढायची थांबली की त्याच्या वर अजून थोडा, याला सुप्रामॅक्सिमल म्हणतात. मग सेकंदाला 2 ते 3 या वेगाने 5 ते 10 शॉकची एक माळ. दुखतं का? हातावर टिचक्या बसल्यासारखं, खांद्यावर थोडा झटका, चेहऱ्यावर मात्र त्रासदायक, डोळा मिटतो आणि दातापर्यंत जाणवतं. काही सेकंदांचा मामला असतो, पण आधी माहीत असलेलं बरं.

त्यानंतरचा भाग वेळखाऊ आणि घाईत सगळ्यात आधी गाळला जाणारा. पेशंटला तो स्नायू पूर्ण जोर लावून 1 मिनिट आवळायला सांगतात, मग लगेच एक माळ, आणि नंतर दर मिनिटाला एक, चार-पाच मिनिटं. व्यायामानंतर लगेच जोड तात्पुरता सुधारतो आणि 2 ते 4 मिनिटांनी आधीपेक्षा बिघडतो. सुरुवातीला काठावरचा आकडा आला असेल तर निकाल इथेच लागतो. पहिल्याच माळेत भरपूर घट दिसली तर मिनिटभर दमवायची गरज नसते, 10 सेकंद आवळायला लावून ती घट भरून येते का एवढंच बघतात.

पायरी 4: आरएनएसचा रिपोर्ट वाचणं

एक उदाहरण घेऊ, आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. ट्रॅपेझियसच्या पाच लाटांची उंची मिलिव्होल्टमध्ये अशी: 8.4, 7.6, 7.1, 6.9, 7.0. पहिल्या आणि चौथ्यातला फरक 1.5, त्याला 8.4 ने भागलं की जवळजवळ 18 टक्के. 10 टक्क्यांच्या वर घट म्हणजे बहुतेक लॅबमध्ये पॉझिटिव्ह. बघा पाचवी लाट चौथीपेक्षा किंचित मोठी आहे, म्हणजे कपाटातला माल आला. हा खोलगट आकार, आधी उतरत जाणारा नि मग थांबणारा किंवा थोडा वर येणारा, हीच खरी ओळख. आता समजा 10 सेकंद आवळल्यावर लगेच घट 8 टक्के झाली आणि मिनिटभराच्या व्यायामानंतर तिसऱ्या मिनिटाला 27 टक्के, तर चित्र पक्कं.

याउलट 8.4, 6.2, 8.1, 5.9, 8.3 असं वरखाली नाचत असेल तर टक्केवारी कितीही येऊ दे, ते हलणं आहे, मायस्थेनिया नाही. पेशंट हलला, इलेक्ट्रोड सुटला, शॉक पुरेसा नव्हता. मशीन बिचारं टक्के काढून देतं, त्याला काय कळतंय. म्हणून तीच माळ मिनिटभर विश्रांती देऊन पुन्हा करतात आणि पुन्हा तसंच आलं पाहिजे. रिपोर्टबरोबर लाटांचं प्रिंट मागून घ्या, नुसता "पॉझिटिव्ह/निगेटिव्ह" लिहिलेला कागद दुसऱ्या डॉक्टरच्या काही कामाचा नाही.

अजून एक बघायचं, पहिल्या लाटेची उंची. ती मुळातच खूप लहान असेल आणि 10 सेकंद जोर लावल्यावर दुप्पट किंवा त्याहून मोठी झाली तर तो लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम असू शकतो, तो वेगळा आजार, नसेच्या बाजूचा बिघाड, आणि त्यात फुप्फुसाचा कॅन्सर शोधावा लागतो. पूर्वी त्यासाठी सेकंदाला 20 ते 50 शॉक देत, ते फार दुखतं, पेशंट जोर लावू शकत असेल तर 10 सेकंदांच्या व्यायामाने तेच काम होतं.

पायरी 5: सिंगल फायबर कधी

अंगभर पसरलेल्या मायस्थेनियात आरएनएस साधारण चारातल्या तीन पेशंटांत सापडते, नीट स्नायू घेतले तर. नुसत्या डोळ्यापुरत्या प्रकारात निम्म्याहून कितीतरी कमी. म्हणजे पापणीवाल्या पेशंटची आरएनएस नॉर्मल आली तर त्याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही. सिंगल फायबर दोन स्नायूंत नीट केली तर पसरलेल्या प्रकारात 95 टक्क्यांच्या आसपास पकडते, आणि डोळ्यापुरत्या प्रकारातही चेहऱ्याच्या स्नायूत केली तर बहुतेकांत.

मग थेट तीच का नाही? एक तर ती करणारे कमी, मोठ्या शहरातल्या मोजक्या लॅबमध्ये होते, तालुक्याच्या गावाहून त्यासाठी मुक्काम टाकून यावं लागतं. वेळ लागतो, तासभर सहज. आणि मुख्य म्हणजे ती पटकन "काहीतरी बिघाड आहे" म्हणते पण "मायस्थेनियाच आहे" म्हणत नाही. मोटर न्यूरॉनचा आजार, न्यूरोपथी, काही स्नायूंचे आजार, सगळ्यांत जिटर वाढू शकतो. म्हणून आधी नर्व्ह कंडक्शन आणि साधी ईएमजी झालेली पाहिजे, नाहीतर वाढलेल्या जिटरचं करायचं काय? आरएनएसचा डिक्रिमेंटही या दुसऱ्या काही आजारांत येतो हे खरं, पण योग्य लक्षणं नि योग्य आकाराची घट असेल तर तो जास्त भरवशाचा पुरावा.

आणि हो, रक्तातली एसीएचआर अँटिबॉडी (वर सांगितलेल्या ॲसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धची) स्पष्ट पॉझिटिव्ह असेल आणि लक्षणं जुळत असतील तर बऱ्याचदा सिंगल फायबरची गरजच राहत नाही. पसरलेल्या प्रकारात ही अँटिबॉडी साधारण 85 टक्के पेशंटांत मिळते, डोळ्यापुरत्यात निम्म्यांत. रक्ताचा रिपोर्ट येणार असेल आणि पेशंट स्थिर असेल तर चार दिवस थांबून मग सुईची टेस्ट ठरवली तर पैसे आणि सुई दोन्ही वाचू शकतात, डॉक्टरांशी हे बोलून बघायला हरकत नाही.

पायरी 6: सिंगल फायबर, टेबलावर

ही पद्धत स्वीडनमध्ये उप्सालाला 1960 च्या दशकात स्टॉलबर्ग आणि एकस्टेट यांनी उभी केली. मूळ सुईच्या बाजूला जेमतेम 25 मायक्रॉन व्यासाची खिडकी असते, त्यामुळे आजूबाजूच्या शेकडो तंतूंमधून एक-दोनच ऐकू येतात. ती सुई महाग आणि निर्जंतुक करून परत वापरायची, म्हणून आता बऱ्याच लॅब एकदा वापरून टाकायची बारीक कॉन्सेंट्रिक सुई (साध्या ईएमजीला वापरतात तशी) घेतात आणि मशिनचा फिल्टर बदलतात. चालतं, पण नॉर्मलच्या मर्यादा वेगळ्या लागतात, तेव्हा कुठली सुई वापरली ते रिपोर्टवर असायलाच हवं.

स्नायू म्हणजे डोळ्यापुरता त्रास असेल तर ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय किंवा कपाळाचा फ्रंटॅलिस, हातापायाचा असेल तर पुढच्या हातातला बोटं उचलणारा स्नायू, आणि तो नॉर्मल आला तर परत चेहरा. डोळ्याजवळ सुई म्हटलं की लोकांचे पाय गळतात, पण ती बुबुळाच्या दिशेने जात नाही, डोळ्याच्या बाहेरच्या कडेला कातडीखाली अलगद असते. नंतर निळसर डाग पडू शकतो, तिथे दाबून धरा.

खरं कष्टाचं काम पेशंटचं असतं. स्नायू अगदी हलका आणि एकसारखा आवळून धरायचा, जोरात नाही, सोडायचा नाही. "डोळा जरासा किलकिला करा, बस एवढाच, आता धरून ठेवा", हे वाक्य आम्ही एका टेस्टमध्ये पन्नास वेळा म्हणत असू. ज्याला हे जमत नाही, लहान मूल, हात कापणारे आजोबा, त्यांच्यात नसेला हलके शॉक देऊन करतात, तिला स्टिम्युलेटेड म्हणतात, तिच्याही मर्यादा वेगळ्या. साधारण 20 जोड्या गोळा करायच्या असतात (एकाच नसेवर चालणारे शेजारचे दोन तंतू म्हणजे एक जोडी), शॉकवाल्या पद्धतीत 30 एकेकटे तंतू. सात-आठ जोड्यांवर दिलेला निकाल असेल तर का ते विचारा.

पायरी 7: जिटरचा रिपोर्ट

तीन गोष्टी शोधा. सरासरी जिटर, मर्यादेबाहेर गेलेल्या जोड्या किती, आणि ब्लॉकिंग आहे का. निरोगी स्नायूत जिटर साधारण 10 ते 50 मायक्रोसेकंद असतो, नेमकी मर्यादा स्नायू, वय आणि सुई यावर ठरते आणि ती रिपोर्टवर शेजारी छापलेली असावी. सरासरी मर्यादेच्या वर, किंवा 10 टक्क्यांहून जास्त जोड्या बाहेर, म्हणजे 20 मधल्या 3 किंवा जास्त, तर ॲबनॉर्मल. एखादी-दुसरी जोडी बाहेर गेली तर घाबरू नका. जिटर 80-100 च्या पुढे गेला की तंतू मधूनच गैरहजर राहायला लागतो, ते ब्लॉकिंग, आणि खरी कमजोरी त्यामुळेच जाणवते.

सगळ्यात उपयोगाचा निकाल मात्र नॉर्मलचा आहे, एका अटीवर. जो स्नायू समोर दिसताना कमजोर आहे त्याच स्नायूत जिटर नॉर्मल निघाला तर ती कमजोरी मायस्थेनियाची नाही, दुसरं कारण शोधायचं. पण पापणी पडलीय आणि नॉर्मल जिटर हाताचा आहे, तर ही अट पूर्ण झाली नाही, आणि इथेच परत तो स्नायूवाला मुद्दा.

दोन्ही रिपोर्ट जुळले नाहीत तर

आरएनएस नॉर्मल आणि सिंगल फायबर ॲबनॉर्मल, हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सौम्य किंवा डोळ्यापुरत्या मायस्थेनियात अपेक्षितच आहे, बाकीची नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी साफ असेल तर. उलटं, आरएनएस पॉझिटिव्ह आणि त्याच स्नायूत जिटर नॉर्मल, हे बसतच नाही, तिथे कुठलीतरी टेस्ट चुकलीय, बहुतेक हलल्यामुळे आलेला खोटा डिक्रिमेंट. दोन्ही नॉर्मल पण त्रास वाढतोय, तर काही महिन्यांनी त्रास असलेल्या स्नायूत पुन्हा करतात.

टेस्टची तारीख मिळायला वेळ लागत असेल आणि मध्येच गिळता येईना, आवाज बसत चालला, आडवं झोपल्यावर श्वास पुरेना, तर तारखेची वाट बघत बसू नका, सरळ आयसीयू असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे कुणी आधी जिटर मोजत बसत नाही, श्वास सांभाळतात.

निदान पक्कं झालं की छातीचा सीटी सांगतात, थायमसची (छातीच्या हाडामागच्या ग्रंथीची) गाठ बघायला, ती 10 ते 15 टक्के पेशंटांत असते. नंतर दर सहा महिन्यांनी आरएनएस करत बसायची गरज सहसा नसते, औषध कमी-जास्त करणं लक्षणांवरून ठरतं, आणि माणूस बरा वाटत असतानाही जिटर वाढलेला राहू शकतो, उगाच धसका घेऊ नये. फाइलमध्ये पहिल्या टेस्टच्या लाटांचं प्रिंट, गोळीची वेळ, तपासलेल्या स्नायूंची नावं आणि सुईचा प्रकार, एवढं एका जागी लावून ठेवा. आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "मायस्थेनिया" लिहा, कारण जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली अँटिबायोटिक्स, शिरेतून मॅग्नेशियम, बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाच्या गोळ्यांचा एक प्रकार) अशी औषधं यात त्रास वाढवू शकतात, आणि ताप-खोकल्याला गेल्यावर समोरच्या डॉक्टरला ते आधी कळलेलं पाहिजे.